सालिमच्या आईचं गुलाबपाणी

फ्रान्सला जायचं राहिलं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाची निराशा नको. माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, सांगलीच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली आणि वर्गाच्या भिंतींवर सतत दक्षिण फ्रान्स लावून ठेवला. पिवळी शेतं, निळ्या खिडक्या, जांभळ्या फुलांच्या रांगा. सांगलीच्या पोरांना कृष्णेचा घाट माहीत नसेल, पण आर्ल गावातले दिवे कसे दिसतात हे पाठ असायचं. निवृत्त झाल्यावर तिनं एकच हट्ट धरला. आर्ल बघायचं, एक्स शहर बघायचं, आणि शेवटी अत्तरांचं गाव ग्रास. तिथे गुलाबांचा हंगाम असतो म्हणे, आणि बायका पहाटे फुलं खुडतात. ती मस्कतला माझ्याकडे येणार आणि इथून आम्ही दोघी निघणार, असं ठरलं होतं. ताई आली, पण व्हिसा नाकारल्याचा कागद बॅगेत घेऊनच आली.

दोन दिवस ती माझ्या मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या घरात गॅलरीत बसून समोरचे रखरखीत डोंगर बघत होती. मला ते बघवेना. मी म्हटलं, "गुलाबच बघायचेत ना? मग चल, इथल्या डोंगरावर आहेत."

"वाळवंटात गुलाब?" ताई म्हणाली. "थापा मारतेस."

खरं म्हणजे मीही ते गुलाब कधी पाहिले नव्हते. इतकी वर्षं या देशात काढली, मुलं इथल्या भारतीय शाळेत शिकून परदेशी गेली, आमच्या मराठी मंडळाचं एक हळदीकुंकू मी चुकवलं नाही. पण मस्कतच्या बाहेर गेले ते पाहुण्यांना किल्ला दाखवायला, आणि ओमानी माणसाच्या घरात तर एकदाही बसले नव्हते. याची लाज तेव्हा वाटली नव्हती.

बहला

पहिला मुक्काम निझवाला, पण आधी थोडं पुढे जाऊन बहला. बहला म्हणजे मातीचा अवाढव्य किल्ला आणि त्याच्या सावलीत राहणारे कुंभार. एका म्हाताऱ्या कुंभाराकडे आम्ही गेलो. तो खड्ड्यात बसून पायानं चाक फिरवत होता आणि हातांखाली पाणी गार ठेवायचा गोल बुडाचा माठ वर येत होता. असे माठ इथे दोरीनं टांगून ठेवतात. ताईला राहवलं नाही. तिनं खुणेनं विचारलं, त्यानं खुणेनंच जागा दिली, आणि माझी पासष्टीची बहीण साडी खोचून त्या खड्ड्यात उतरली.

तिचा माठ वीतभर वर आला, मग एका बाजूला कलला आणि मान टाकून बसला. कुंभार खो खो हसला. ताईच्या नाकाला माती लागली होती. त्यानं आपल्या खांद्यावरचं फडकं तिला दिलं आणि मग तोच कललेला माठ दोन बोटांनी सरळ करून बाजूला वाळत ठेवला.

"आत्ता आपण आर्लमध्ये असतो," ताई बाहेर येऊन म्हणाली. हे वाक्य तिनं त्या दिवशी बऱ्याचदा म्हटलं. किल्ल्यावर म्हटलं, पेट्रोल पंपावर म्हटलं, मल्याळी माणसाच्या टपरीत चहात परोठा बुडवताना म्हटलं. रात्री निझवाच्या एका खानावळीत जमिनीवर मांडी घालून जेवायला बसलो. समोर थाळाभर भात आणि त्यावर शुवा. मसाला चोळलेलं मटण केळीच्या पानांत बांधून, पोत्यात घालून जमिनीतल्या भट्टीत पुरतात आणि दिवस-दीड दिवसानं उकरून काढतात. बोट लावलं की हाडावरून सुटतं. ताईनं पहिला घास घेतला आणि फ्रान्सचं नाव काढायची विसरली. मला वाटलं, जमलं आपलं.

डोंगरावर

जबल अखदर, म्हणजे हिरवा डोंगर, निझवापासून जवळच आहे. पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे. पोलिसानं माझ्या छोट्या गाडीकडे पाहिलं, वाकून चाकांकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे मागचा रस्ता दाखवला. वर फक्त फोर व्हील ड्राइव्ह सोडतात, हे मस्कतमधल्या पोरासोरांनाही माहीत असतं. मला नव्हतं. नवऱ्याला फोन केला तर अविनाश आधी पोटभर हसला, मग त्यानं ऑफिसच्या ओळखीतून निझवातला एक ड्रायव्हर मोठ्या गाडीसकट पाठवला.

हे निसारभाई. मूळचे श्रीवर्धनचे, दाढी पांढरी झालेली, बोलणं बेताचं. गाडीतून उतरून त्यांनी माझ्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "भाभी, ही गाडी चढंल, पन उतरताना ब्रेक जलतील. म्हनून सोडत नाय."

"तुम्ही कोकणातले?" ताईचा चेहरा फुलला.

"हां ताई. बसा. यल्ला, निघू."

वळणावळणांनी गाडी वर गेली आणि हवा बदलली. खाली अंगाची लाही होत होती, वर मी ओढणी गुंडाळून घेतली. डोंगराच्या कडेला चिकटलेलं गाव आणि त्याखाली उतरत गेलेली पायऱ्यापायऱ्यांची शेतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे कळेल. शेतांच्या बांधातून दगडी पाटाचं पाणी खळखळत होतं, डाळिंबाला लाल कळ्या आल्या होत्या आणि मधे मधे काटेरी झुडपं. झुडपांवर गुलाबी, लहान, चुरगळल्यासारखी फुलं. दिसायला काही विशेष नाहीत. आपल्याकडच्या फुलवाल्यानं हारातही घातली नसती. पण ताईनं एक फूल नाकाशी नेलं आणि डोळे मिटून ती बांधावर बसली ती बराच वेळ उठेना.

तिथेच आम्हाला रहमा भेटली. फुलं खुडून झाली होती, डोक्यावर पांढऱ्या कापडाचं गाठोडं होतं. शाळेत शिक्षिका, इंग्रजी स्वच्छ. ताईही शिक्षिका म्हटल्यावर दोघींचं जमलं. हंगाम संपत आला होता. ही त्यांच्या झाडांवरची शेवटची फुलं, असं रहमा म्हणाली.

"हंगामभराचं गुलाबपाणी माझे मालक, सालिम, बाजारात नेतात. शेवटची भट्टी मात्र सासूबाईंची स्वतःची असते. या वर्षी ती त्यांच्या नातीसाठी आहे. किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याला दिलेल्या लेकीची मुलगी. उन्हाळ्यात लग्न आहे. पाणी महिनाभर माठात निवावं लागतं, मग नवरीला." ती जरा थांबली. "दुपारी या ना कॉफीला. कॉफी झाली की आई भट्टी लावतील. उन्हं आहेत तोवरच उरकतात, अंधारात त्यांना दिसत नाही. आणि भट्टीपाशी त्या दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. तुम्ही बघा हवं तर."

ताईनं माझा हात दाबला. ग्रासमध्ये तिला जे बघायचं होतं ते हेच होतं, आणि तेही यंत्राशिवाय, एका घरात. ती म्हणाली, "बघ, व्हिसा मिळाला नाही ते बरंच झालं."

दुपारच्या नमाजानंतर गेलो. निसारभाई पुरुषांच्या बैठकीत सालिमबरोबर बसले, आम्ही आत. सालिमची आई दारातच उभी होती. नारिंगी झगा, कपाळावर सुरकुत्या आणि हातांना मेंदीचा जुना रंग. तिनं ताईचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी लांबलचक बोलली. मला त्यातलं फक्त मरहबा, म्हणजे या या, एवढंच कळलं. खोलीत भिंतीच्या कडेनं गाद्या घातलेल्या होत्या. कोपऱ्यात पांढऱ्या चादरीवर सकाळच्या पाकळ्या पसरल्या होत्या. मागच्या दारातून धुरानं काळी झालेली मातीची भट्टी दिसत होती आणि तिच्यावरची तांब्याची भांडी घासून ठेवलेली.

आधी खजूर, मग चिमुकल्या वाट्यांतून वेलचीची कडू कॉफी. पुरे झालं की वाटी हलवायची, एवढी एकच गोष्ट मला माहीत होती, ती मी ताईला मोठ्या ऐटीत शिकवली. फळं आली, हात धुवायला पाणी आलं. मग रहमा धुपाटणं घेऊन आली. लोबानाचा धूर एकेकीपुढे धरला, आणि सालिमच्या आईनं स्वतः उठून चांदीच्या गुलाबदाणीतून आमच्या हातांवर पाणी शिंपडलं. धुराचा आणि गुलाबाचा मिळून असा वास मी आयुष्यात घेतला नव्हता.

"अगं, हळदीकुंकू सुरू झालं की!" ताई म्हणाली.

आपल्याकडे गुलाबपाणी दारात. आल्या आल्या शिंपडतात, अत्तर लावतात, मग बायका पदर सावरून बसतात आणि खऱ्या गप्पा पुढेच होतात. आम्हीही तशाच नीट टेकून बसलो. कार्यक्रम आता सुरू होणार. आता भट्टीपाशी बोलावतील. पाहुण्यानं कसं म्हणायचं, चला, लावा भट्टी? ते काही बरं दिसत नाही. बोलावतील तेव्हा जाऊ.

त्या मायलेकीसारख्या सासूसुना आमच्याकडे बघून हसत होत्या. आम्ही त्यांच्याकडे बघून हसत होतो.

मग नुसतं काय बसायचं म्हणून ताईनं पिशवीतून कागद काढला. सालिमच्या आईचं चित्र काढू का, असं तिनं रहमाला विचारलं. रहमानं सासूला विचारलं. म्हातारीनं मान हलवली आणि बसली, पाठ ताठ करून. ताई चित्र काढते तेव्हा तिला घरदार आठवत नाही. एकदा कागद बदलला. मी दोघींच्या मधे बसून रहमाशी शाळेच्या, सुट्ट्यांच्या, मुलांच्या गप्पा मारत होते आणि मनातून खूश होते. एका ओमानी घरात, इतक्या मोकळेपणानं.

रहमानं विचारलं, अंधार पडायच्या आत बाग बघायची का? मी म्हटलं, नंतर बघू, चित्र होऊ दे. तिनं विचारलं, तुमचे ड्रायव्हर दमले असतील ना? ताई मान वर न करता म्हणाली, "सांग तिला, तो आपलाच माणूस आहे." थोड्या वेळानं धुपाटणं पुन्हा एकदा आलं. आम्हाला वाटलं, काय हौशी आहेत या!

उन्हं मागच्या भिंतीवरून वर सरकत गेली. संध्याकाळची अजान झाली तेव्हा ताईनं पेन्सिल खाली ठेवली. चित्र सुरेख उतरलं होतं. सालिमच्या आईनं ते बघितलं, छातीवर हात ठेवला आणि आम्हाला दारापर्यंत पोचवायला आली. भट्टी तशीच होती, थंड.

गाडीत बसल्यावर मी काय बोलले ते लिहायला आता जिवावर येतंय, पण लिहिते. मी म्हटलं, "बघ ताई, बोलावलं आणि दाखवलं काहीच नाही. या लोकांचं असंच. इन्शाल्ला म्हणायचं आणि विसरून जायचं."

"जाऊ दे गं. म्हातारी माणसं," ताई म्हणाली. पण तीही हिरमुसली होती.

निसारभाई आरशातून आमच्याकडे बघून म्हणाले, "बराच टाइम झाला. मी म्हटलं, आत जेवन-बिवन असंल."

निझवा आणि सूर

शुक्रवारी सकाळी निझवाचा बकऱ्यांचा बाजार. गोल चौथऱ्याभोवती लोक दाटीवाटीनं बसतात आणि विकणारे आपापलं जनावर हातात धरून फेऱ्या मारतात. बोली ओरडूनच लागते. एक बोकड मालकाला ओढत थेट ताईच्या अंगावर आला आणि तिच्या पिशवीचा बंद चघळायला लागला, तेव्हा सगळा बाजार हसला. मग हलव्याच्या दुकानात गेलो. केशर, तूप आणि गुलाबपाणी घातलेला तो तपकिरी, थरथरता हलवा चमच्यानं खायचा असतो. मी चमचा तोंडात घातला आणि म्हटलं, हे मशीनचं गुलाबपाणी असणार, याला धुराचा वास नाही. फार जाणकार झाले होते मी एका दुपारीत.

माझी गाडी अविनाश नंतर आणवणार होता, ती निझवातच ठेवून निसारभाईंबरोबरच सूरला गेलो. वाळू, मग आणखी वाळू, आणि मग एकदम समुद्र. सूर म्हणजे लाकडी गलबतांचं गाव. खाडीकाठच्या कारखान्यात एक अर्धवट गलबत उभं होतं, फासळ्या उघड्या, आणि त्यावर काम करणारे सुतार केरळचे. निसारभाई त्या गलबताच्या फळ्यांवरून हात फिरवत राहिले. त्यांचे आजोबा अशाच गलबतातून आले होते म्हणे, खजूर न्यायला. ताईनं सांगितलेल्या जागी ते उभे राहिले आणि तिनं त्यांचंही चित्र काढलं, पण ते चित्र काही जमलं नाही. ते दर मिनिटाला हलत होते.

शनिवारी संध्याकाळी अविनाशच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरी बोलावणं होतं. त्याच्या बहिणीला मुलगा झाला होता आणि घर बायकांनी भरलं होतं. सुरमई, भात, शेवया, खजूर, कॉफी. माझ्या शेजारी बसलेली एक जाडजूड बाई मोडक्या हिंदीत मस्कतच्या रहदारीबद्दल तावातावानं बोलत होती. तेवढ्यात घरातली मुलगी धुपाटणं घेऊन आली. ती बाई वाक्य अर्धं टाकून उठली. धुरावर तिनं ओढणी धरली, हातांना अत्तर लावून घेतलं, यजमानिणीच्या गालाला गाल लावला आणि चपला घातल्या. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. मी बघत राहिले. पाच-दहा मिनिटांत खोली रिकामी झाली. गादीवर आम्ही दोघी मराठी बायका तेवढ्या राहिलो, आणि यजमानीण आमच्याकडे बघून फार गोड हसली.

ते हसू मी आधी पाहिलं होतं.

"ताई, ऊठ," मी म्हटलं.

"अगं, आत्ता तर कुठे—"

"ताई, ऊठ आधी."

गाडीत बसले आणि विचारलं, "निसारभाई, धूप आला की उठायचं असतं का?"

त्यांनी गाडी चालू केली नाही. "हां भाभी. धूप म्हंजे खलास. मग मानूस बसत नाय."

"त्या दिवशी डोंगरावर पुरुषांत पण आला होता?"

"आला ना. मी उठलो, गाडीत येऊन बसलो."

"मग आम्हाला..."

"तुमी आत बायकांत. मी कसं बोलवनार? मला वाटलं, तुमची दोस्ती झाली." ते ओशाळून स्टिअरिंगकडे बघत राहिले. बिचाऱ्यांचा काय दोष होता?

ताईला समजायला थोडा वेळ लागला. मी तिला सांगितलं. आपण भट्टीची वाट बघत बसलो आणि म्हातारी आपण उठायची वाट बघत बसली. घरात पाहुणा असताना ती फुलांकडे कशी जाणार? उठा कसं म्हणणार? ताईनं पिशवीतून चित्र काढलं आणि गाडीतला दिवा लावला.

चित्रातली सालिमची आई ताठ बसली होती, हात मांडीवर. पण नजर ताईकडे नव्हती. नजर बाजूला होती, खाली, कोपऱ्यात, जिथे चादर होती. ताईनं ती नजर अगदी हुबेहूब पकडली होती. पापण्यांची घडीसुद्धा सुटली नव्हती.

"मी काढलं हे," ताई म्हणाली. "पोरांना आयुष्यभर ओरडत आले, आधी बघा, मग काढा. आणि ही कुठे बघतेय ते मी विचारलं नाही गं."

ती रडत होती. मलाही रडू आलं, पण मला त्याहून जास्त ते गाडीतलं माझं वाक्य ऐकू येत होतं. या लोकांचं असंच.

पुन्हा डोंगर

बेत असा होता की सूरहून किनाऱ्याच्या रस्त्यानं मस्कतला जायचं, वाटेतली दरी बघायची, मासे खायचे. ते सगळं सोडलं. निसारभाईंना सांगितलं, पुन्हा डोंगरावर. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मस्कतला असलेल्या आपल्या मुलीला फोन करून फक्त उशीर होईल एवढं सांगितलं.

या वेळी वाटेत ताईनं एकदाही आर्लचं नाव काढलं नाही. तिला एकच जाणून घ्यायचं होतं. पाकळ्या दुसऱ्या दिवशी चालल्या असतील का? मोगऱ्याचा गजरा दुसऱ्या दिवशी थोडा का होईना वास देतोच की. मी हो म्हणत राहिले.

झुडपांवर फुलं उरली नव्हती. सालिमची आई अंगणात लसूण निवडत बसली होती. आम्हाला बघून ती जी उठली, मला वाटलं, माहेरची माणसं आलीत हिच्याकडे. रहमा शाळेतून नुकतीच आली होती. मी तिला इंग्रजीत सगळं सांगितलं, अडखळत, आमच्याकडे गुलाबपाणी कधी शिंपडतात तेसुद्धा. रहमा ऐकताना लाल झाली. मग तिनं सासूला सांगितलं. म्हातारीनं कपाळाला हात लावला आणि हसायला लागली, आणि हसता हसता बरंच काही बोलली.

"त्या म्हणतात," रहमा म्हणाली, "फुलं थोडीच होती."

एवढंच. इतक्या मोठ्या बोलण्याचं एवढंच भाषांतर.

ताई उठली आणि मी अडवायच्या आत तिनं सालिमच्या आईच्या पायांना हात लावला. म्हातारी दचकून मागे सरली. अस्तगफिरुल्ला, अस्तगफिरुल्ला म्हणत तिनं ताईचे खांदे धरून तिला वर ओढलं. तिच्या लेखी हे भलतंच झालं होतं. माणसानं माणसापुढे असं वाकायचं नसतं. माफी मागायला जाऊन आम्ही तिला पुन्हा कानकोंडं केलं. ताईनं पिशवीतून चित्र काढून पुढे धरलं. ते तुमचं आहे, मी नेत नाही, असं ती चक्क मराठीत म्हणाली.

सालिमच्या आईनं चित्र हातात घेतलं. चित्रातल्या डोळ्यांपाशी तिचं बोट थांबलं. ती सुनेला हळूच काही म्हणाली, आणि रहमानं ते आम्हाला सांगितलं नाही. मग तिनं चित्र उलटं करून मांडीवर ठेवलं, हळूच, चुरगळू न देता.

कॉफी झाली, आणि मी नजर दाराकडे लावून बसले, की धूप दिसला रे दिसला की उठायचं. पण धुपाच्या आधी सालिमची आई आत गेली आणि एक बाटली घेऊन आली. सरबताची जुनी काचेची बाटली, अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली, आत पातळ चहासारखं पाणी. मागच्या वर्षीच्या भट्टीतलं. तिनं ती ताईच्या हातात दिली.

"नको, नको," ताई म्हणाली. "हे नवरीला द्या. हिला सांग ना गं, नवरीला द्या म्हणावं."

मी सांगितलं. रहमानं सासूला सांगितलंच नाही. ती मला म्हणाली, "घ्या. नाही घेतलं तर आईंना वाटेल, तुमच्या मनात अजून काही आहे."

ताईनं बाटली घेतली. सालिमच्या आईचा चेहरा उजळला.

रहमा गाडीपर्यंत आली. तिथे मी तिला विचारलं, खरं काय झालं? ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्यांनी दुसऱ्या दिवशी भट्टी लावली होती. पाण्याला वाळक्या गवताचा वास आला. डाळिंबाच्या मुळाशी ओतलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सालिमनं स्टीलचं यंत्र घेतलंय, नवरीला त्यातलं देतील. ते स्वच्छ असतं, पांढरं. तिला तेच आवडेल कदाचित."

ती खरंच बरं वाटावं म्हणून बोलत होती. उतारावर निसारभाईंनी गाडी अगदी सावकाश घेतली. ताई बाटली दोन्ही हातांत धरून बसली होती. मी म्हटलं, आपण खाबुऱ्याला जाऊन नवरीच्या घरी ही देऊन येऊ या का? काही फार लांब नाही.

"नाय भाभी," निसारभाई म्हणाले. "दिलेलं परत गेलं तर म्हातारीची बेइज्जती. आता ते तुमचं."

मस्कत

ताईला निघायला दोन दिवस होते. तिनं ते माझ्या घरात काढले, फारशी कुठे गेली नाही. बाटली फ्रिजमध्ये होती. मधे एकदा तिनं झाकण उघडून वास घेतला आणि मलाही दिला. धूर, मग गुलाब, मग पुन्हा धूर. या बाईनं आपल्याला काय दिलंय, असं म्हणून तिनं लगेच झाकण लावलं.

पुढच्या वर्षी हंगामात जाऊन यावं, भट्टी लागताना दुरून बघावी, असं मला फार वाटतं. पण अविनाशची नोकरी या डिसेंबरात संपते आणि आमचा व्हिसा तिच्याबरोबर. इतकी वर्षं डोंगर गॅलरीतून दिसत होते. तेव्हा गेले असते, चार घरांत बसले असते, चार वेळा चुकले असते, तर त्या दुपारी मला उठायचं कळलं असतं. ज्यांना अजून वेळ आहे त्यांनी जावं, एवढंच म्हणते. माझं राहून गेलं.

ताईची बॅग मी भरली. बाटली कुठे ठेवायची यावर आमचा वाद झाला. ती म्हणाली, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवू. मी म्हटलं, फुटेल, लोक बॅगा कशा फेकतात तुला माहीत नाही, पर्समध्येच ठेव, हातात राहील. इतकी वर्षं विमानानं जा-ये करणारी मी, हातातल्या सामानात एवढं पाणी नेऊ देत नाहीत हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण त्या घटकेला ती बाटली मला पाणी वाटलीच नाही. सुरक्षा तपासणीच्या दारापर्यंत पोचवून मी घरी आले.

सांगलीला पोचल्यावर ताईचा फोन आला. प्रवास नीट झाला, जेवण बरं होतं, असं सगळं बोलून झालं.

"बाटली काढून घेतली गं," ती म्हणाली. "तपासणीला एक ओमानी पोरगी होती. तिनं झाकण उघडून वास घेतला, आणि मग माझ्याकडे बघत राहिली. जबल? असं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं तिच्या साहेबाकडे बघितलं, त्यानं नाही म्हणून मान हलवली. सॉरी खाला, सॉरी खाला, असं मावशी करून दोनदा म्हणाली."

"मग?"

"मग टाकली टोपलीत. काय करणार ती? पण टाकायच्या आधी तिनं झाकण घट्ट लावलं."

तिला आणखी काही बोलायचं असावं. मी फोन कानाला धरून बसून राहिले.